तिथीची पाऊणपट

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वृंदावन योजना नावाची जी प्रशस्त वसाहत वसवली आहे, तिच्यातील एका घराच्या गच्चीत, जवळात जवळच्या खाऱ्या पाण्यापासून शेकडो मैल दूर बसून, एक सेवानिवृत्त मनुष्य रोज प्रातःकाळी चहा घेता घेता समुद्राच्या भरतीची वेळ काढतो, ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यांना अद्याप पचनी पडलेली नाही. आमच्या गावची नदी गोमती; ती गंगेला मिळून पूर्वसमुद्राला जाते, आणि मी ज्या पाण्याचा हिशेब करतो ते पश्चिमेचे, वसईच्या उत्तरेकडील अर्नाळ्याचे; म्हणजे या उद्योगाचा गोमतीकाठच्या कोणालाही कवडीचा उपयोग नाही. पण माझे बालपण वसई तालुक्यात गेले, आणि लहानपणी जडलेल्या खोडी मुलाच्या नोकरीपायी मुलुख सोडावा लागला म्हणून सुटत नाहीत.

गणित अगदी सोपे आहे. तिथीचा अंक घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि जो आकडा येईल तितक्या वाजता दर्या पूर्ण भरला असे समजावे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला या हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या सुमारास भरते. कारण भरती तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे सरकते आणि आपण पंचेचाळीसच धरतो, तेव्हा रोजची तीन मिनिटांची ही चूक साचत साचत पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाची होते. किनाऱ्यावरच्या माणसाला ही चूक ठाऊक असते आणि तो ती मनातल्या मनात वळती करून घेतो. ज्याने ही रीत प्रथम बसवली त्याच्यापाशी घड्याळ असण्याचा संभव कमी. तेव्हा ती घटिकांतून तासांत कधी उतरली, हा शोध एखाद्या जिज्ञासूने घ्यावा असाच आहे.

लखनौस आल्यावर एक निराळीच मौज ध्यानात आली. इकडचे पंचांग पौर्णिमान्त. आमच्याकडे कोजागिरी झाली तरी अमावास्येपर्यंत आश्विनच चालू राहतो. येथे शरद पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी कार्तिक लागतो. वद्य पक्षात आमच्या भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ आणि शेजारच्या घरातले पंचांग यांच्यात महिन्याबद्दल एकमत म्हणून होत नाही. तिथी मात्र दोन्हींकडे एकच असते, आणि समुद्राला महिन्याच्या नावाशी कर्तव्य नसल्यामुळे माझे गणित या परक्या पंचांगावरही बिनचूक चालते.

गेल्या वर्षी आश्विन वद्य अष्टमीस मी अर्नाळ्याला गेलो. पुष्पक एक्सप्रेसने मुंबई, तेथून लोकलने विरार, विरारहून बसने अर्नाळा, आणि तेथल्या सुरूच्या बनापुढील वाळूवरून होडीने समोरच्या बेटावर. होडीचा प्रवास काही मिनिटांचा आहे. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे गावाचे दूरत्व मैलांवर मोजण्याची रीत चुकीची आहे. ज्या गावातील बाळंतिणीला, परीक्षार्थीला आणि मृत मनुष्यालाही पाण्याच्या मर्जीवाचून पलीकडे जाता येत नाही, ते गाव मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा आवाज ऐकू येण्याइतके जवळ असले तरी दूरच म्हटले पाहिजे. होडी किनाऱ्याला टेकण्याआधीच थांबते. पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडून, वहाणा हातात घेऊन मी उतरलो, तेव्हा पुढे चाललेल्या एका म्हाताऱ्या कोळणीने मागे वळून, ‘काका, सावकाश, खाली कालवं हायत,’ असे बजावले. डोक्यावरच्या टोपलीला हातही न लावता ती त्या कालवांवरून चालत होती.

वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या बेटावर इतिहासाची गर्दी मोठी आहे. गुजरातच्या सुलतानांचा अंमल गेला, पोर्तुगीज आले. १७३७ साली मराठ्यांनी बेट घेतले, आणि पहिल्या बाजीरावाच्या आज्ञेने बांधलेल्या कोटाच्या दरवाजावर त्याच्या नावाचा शिलालेख अद्याप वाचता येतो. वसई पडण्यापूर्वी दोन वर्षे हे ठाणे हाती आले होते. अर्नाळा घेतल्यावाचून वैतरणेचे तोंड हाती येत नव्हते आणि ते आल्यावाचून वसईची उत्तरेकडील रसद तुटत नव्हती, इतके सांगितले म्हणजे किल्ल्याचे प्रयोजन कळते. १८१७ च्या सुमारास तो इंग्रजांकडे गेला. आज तटाच्या आत महादेवाचे देऊळ, अष्टकोनी टाके आणि पीराचे स्थान आहे, आणि शिल्लक जमिनीत भाजीचे वाफे आहेत. गाव तटाबाहेर, समुद्राच्या बाजूला. किल्लेदार आत राहत, मासे मारणारे बाहेर. सत्ता कितीदा बदलली तरी ही मांडणी बदलली नाही.

अष्टमीचा दिवस मी जाणूनबुजून निवडला होता. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला जो जोर असतो त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपास तो मंदावतो त्याला भांग म्हणतात. उधाणात गावातला कर्ता पुरुष भेटणे कठीण. भांगात सगळे घरी असतात, जाळी सांधतात, आणि त्यामुळे बोलतात. नव्या पाहुण्याला वाटते की लोक आळशी आहेत, दिवसाढवळ्या सावलीत बसून सुतळ्या ओढीत आहेत. बँकेच्या एका तरुण अधिकाऱ्याने पूर्वी असाच शेरा कागदावर मारला होता, अशी कथा मला तेथील एका वृद्ध तांडेलाने सांगितली आणि वर, ‘त्यो बिचारा अष्टमीला आला व्हता,’ अशी पुस्तीही जोडली.

या लोकांची मुख्य मासेमारी डोलीची. डोल म्हणजे एक प्रचंड शंक्वाकृती जाळे. तोंडाशी, ज्याला मोहोर म्हणतात तेथे, त्याची भोके हात जाईल एवढी. तेथून ती लहान होत जातात आणि अखेरच्या खोल्यात बोटही शिरणार नाही इतकी बारीक होतात. समुद्राच्या तळात रोवलेल्या उंच सोटांना हे जाळे बांधून ठेवायचे आणि प्रवाह जे आणील ते त्यात शिरू द्यायचे. माशामागे धावण्याचा प्रश्नच नाही. पाणी फिरण्यापूर्वी, प्रवाह क्षणभर स्तब्ध होतो तेवढ्या अवधीत खोला वर घ्यायचा, सोडायचा, रिकामा करायचा. तो अवधी चुकला तर पुन्हा सहा तास. म्हणूनच तिथीची पाऊणपट येथे पोटाच्या हिशेबात मोडते. मी लखनौत बसून जो खेळ करतो, त्याच्यावर येथे मध्यरात्री तीन वाजता झोपेतून उठावे की नाही, हे ठरत असते.

हे सोट रोवण्याच्या जागेला आणि त्या पद्धतीला कव म्हणतात. समुद्राला सातबारा नाही, खातेउतारा नाही, तलाठी त्यावर जाऊन पंचनामा करू शकत नाही. तरीही अमुक कव अमुक गावची ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, आणि ती मोडणारास गावकी विचारते. वहिवाट जोवर एका खाडीच्या तोंडापुरती होती तोवर ठीक चालले. मासळी दूर गेली, यंत्रे आली, आणि वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांच्या कवी उत्तरेस, पालघर-डहाणूच्या समोरच्या पाण्यात शिरू लागल्या. तिकडचे लोक वागऱ्याने सरंगा धरणारे. त्यांचे म्हणणे असे की आमच्या तरत्या जाळ्यांच्या मार्गात तुम्ही सोट रोवलेत आणि तुमच्या बारीक खोल्यात सरंग्याची पिल्ले मरतात. यांचे म्हणणे असे की समुद्र कोणाच्या बापाचा नाही. कित्येक दशके हा वाद बैठका, निवेदने, क्वचित मारामाऱ्या आणि पुन्हा बैठका या क्रमाने चालला आहे.

माझे जन्मगाव एका बाजूचे असले तरी सांगितले पाहिजे की पिल्लांविषयीची तक्रार खरी आहे. रुपेरी सरंग्याला, ज्याला मुंबईचे लोक पापलेट म्हणतात, महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यमासा म्हणून घोषित केले, आणि त्याच वर्षी चौपन्न जातींच्या मासळीचे धरण्यायोग्य किमान आकारमान ठरवून दिले. सरंग्याच्या बाबतीत ते १३५ मिलिमीटर आहे. पट्टी घेऊन मासा मोजणे वागरावाल्याला शक्य आहे, कारण त्याने जाळ्याचे भोक मोठे ठेवले म्हणजे लहान मासा निसटतो. डोलवाल्याने काय करावे? त्याचा खोला मोठ्या भोकांचा केला तर जवळा आणि करंदी निघून जाईल, आणि जवळा गेला म्हणजे निम्मे घर गेले. कायदा करणाराने माशाचा विचार केला, जाळ्याचा थोडा केला, आणि प्रवाहाचा मुळीच केला नाही.

पुरुष जे आणतात ते पैशांत उतरवण्याचे काम बायकांचे. कोटाच्या पश्चिमेस वाळूवर बांबूंच्या वलांड्या उभ्या आहेत आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले आहेत. मी ज्या मावशींपाशी बसलो होतो त्यांचे हात बोलता बोलता चालूच होते. उजव्या हातात एक बोंबील, डाव्यात दुसरा. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबकळतो, एक तिकडे. बोंबलाचे दात आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे जोडी सुटत नाही. दोऱ्याची गाठ नाही, खिळा नाही, माशानेच माशाला धरून ठेवायचे. मिनिटाला किती जोड्या होतात ते मी मोजू लागलो आणि पंधरावर माझीच मोजदाद चुकली. बोटांच्या पेरांवर बारीक पांढऱ्या रेघांचे जाळे होते, आणि ते या दातांचे.

ताज्या बोंबलात दर शेकडा नव्वदाच्या आसपास पाणीच असते. तेव्हा टोपलीभर बोंबील उन्हात टाकून दोन-तीन दिवसांनी जे हाती येते ते टोपलीच्या तळाशी राहते, आणि त्या दोन-तीन दिवसांत एक अवकाळी सर आली तर तेही राहत नाही. पूर्वी कार्तिकानंतर पावसाचे नाव काढायचे नाही असा नेम होता. अलीकडे तो नेम पावसाने मोडला आहे. ‘दर्यानं दिलेलं आभाळ नेतं,’ असे मावशी म्हणाल्या आणि लागलीच, मी ते वहीत टिपून घेतो आहे असे पाहून, हसून, ‘त्यापरीस सुक्या म्हावऱ्याला एखादी छपरी मिळंल का ते लिवा,’ असेही म्हणाल्या. मी लिहिले. वाळवणाची ही जागा बहुधा सरकारी खात्यावर असते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या वलांड्या उभ्या आहेत तेथेही पक्के छप्पर घालायचे तर अर्ज, नकाशा, ना-हरकत दाखला आणि किनारा नियमन क्षेत्राचे कलम यांतून जावे लागते.

हिशेबाची आणखी एक बाजू आहे. डिझेल, बर्फ, जाळ्याचे सूत आणि खलाशांचा पगार यांचे दर आगाऊ ठरलेले, मासळीचा दर मात्र ती बंदरात आल्यावर दुसरा कोणी ठरवतो. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद. कर्जाच्या हप्त्याला मात्र बंदी नाही. आमच्या वृंदावन योजनेच्या बाजारात बर्फाच्या पेट्यांतून आंध्रातल्या तळ्यांची रोहू येते. वर्षाचे बारा महिने तोच आकार, जवळपास तोच दर. त्या पेट्यांकडे पाहिले म्हणजे मला अर्नाळ्याबद्दल भीती वाटते. ग्राहकाला तिथी नको असते, त्याला रविवार हवा असतो.

बंदीचा हा विचार आपल्याकडे नवा नाही हे सर्वांस माहीत आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवायच्या ही रीत कायद्याच्या कितीतरी पूर्वीची. इंडोनेशियाच्या सतरा हजारांहून अधिक बेटांपैकी मलुकू प्रांतात हारुकू नावाचे एक बेट आहे. तेथे सासी नावाची अशीच रूढी असून, लोंपा नावाची लहानगी मासळी नदीच्या मुखात शिरली म्हणजे ती मोठी होईतो कोणी धरू नये असा गावाचा निर्बंध असतो. बंदी चालू असल्याची खूण म्हणून माडाची झावळी बांधतात, आणि राखण करणारास केवांग म्हणतात. पुढे ठरल्या दिवशी गाव एकत्र उतरते आणि मासळी वाटून घेते. आमचा नारळ आणि त्यांची झावळी एकाच झाडाची, हा योगायोग माझ्या मनाला फार आवडला. परंतु साम्य येथे संपते. केवांगला आपल्या नदीच्या तोंडावर उभे राहून कोण शिरले ते दिसते. वैतरणेच्या तोंडावर उभे राहिलेल्या तांडेलाला क्षितिजावरच्या रात्रीच्या दिव्यांखेरीज काही दिसत नाही. प्रखर विजेचे दिवे लावून मासळी गोळा करण्यास केंद्र सरकारने २०१७ सालीच मनाई केली आहे. ते दिवे कोणाचे, हे विचारले असता तांडेल बाबांनी चंचीतून तंबाखू काढली.

गावाच्या पश्चिमेस समुद्राने घरे घेतली आहेत. एका पडक्या ओट्यावर चुलीचा काळा डाग अद्याप आहे, भिंत नाही. दाराच्या उंबरठ्यापुढे तीन पावले वाळू आणि मग पाणी. सरकारी भाषेत यावर जो इलाज आहे त्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. वैतरणेच्या खाडीतून वाळू उपसली गेल्यामुळे बेटाची वाळू सरकते असे गावकऱ्यांचे ठाम मत आहे, आणि ते मला तर्काला धरून वाटले. कारण नदी जी वाळू आणून टाकते तिच्यावरच असली बेटे तग धरतात, आणि मधल्यामध्ये ती ट्रकांत भरली गेली तर समुद्राने आपली वसुली कोठून करावी?

ज्या घरी मी जेवलो तेथील मुलगी विरारच्या महाविद्यालयात शिकते. तिला परिचारिका व्हायचे आहे. सकाळची होडी, बस, मग परत बस आणि अंधारापूर्वीची होडी. उधाणाच्या दिवसांत वारा असला तर मावशीकडे विरारला मुक्काम. तिचा भाऊ बोटीवर न जाता वसईच्या एका कारखान्यात लागला आहे. बाप नाखवा असून बोटीवर खलाशी परमुलुखातले. ‘पोरी शिकतात, पोरं पळतात, बोट कोण चालवील?’ असा आईचा प्रश्न होता; मुलीने ताटात आणखी एक तुकडी वाढीत, ‘तू चालव,’ असे उत्तर दिले. समुद्राचे काव्य किनाऱ्यावरून गाणाऱ्या आम्हां लेखकांनी या मुलीला गावात राहा असे सांगण्याचा अधिकार केव्हाच गमावला आहे. तिने जावे. परत यायचे झाल्यास तिला रात्री होडी मिळावी, एवढे गावाने आणि सरकारने पाहावे.

उत्तरेस डहाणू तालुक्यात वाढवण येथे जे बंदर व्हायचे आहे त्याची बातमी गावात रोज वाचली जाते. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडायचा आहे. ज्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली या कल्पनेस नकार दिला होता, त्यानेच जुलै २०२३ मध्ये संमती दिली. अर्नाळ्याच्या वाळूवरून त्या भरावाचा ढीगही दिसणार नाही. पण प्रवाहावर जगणाराला ढीग दिसावा लागत नाही, प्रवाह वळला की जाळ्याला कळते. भरपाईचे गणित डहाणूच्या समोरील बंदरे धरून होईल, आणि पन्नासएक किलोमीटर दक्षिणेकडच्या डोलीत बोंबील कमी का शिरला हे सिद्ध करण्याचा भार त्या डोलीच्या मालकावर पडेल. दफ्तराच्या कामात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला यापुढील कागद कसे फिरतील याचा अंदाज बांधता येतो.

देश बेटाचे नाव मात्र विसरलेला नाही. उथळ पाण्यात पाणबुड्यांचा शोध घेणारी जी नवी नौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाली, तिला या किल्ल्यावरूनच ‘अर्नाळा’ असे नाव दिले आहे. आमच्या वृंदावन योजनेच्या मैदानावर २०२० च्या फेब्रुवारीत संरक्षण-सामग्रीचे अफाट प्रदर्शन भरले होते. तेव्हा तोफांच्या गर्दीत मी कोठे समुद्र दिसतो का हे शोधीत हिंडलो होतो. तो असा पाच वर्षांनी, पूर्व किनाऱ्यावरून, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर भेटला. तांडेल बाबांना मी फोन करून ही वार्ता दिली. बोटीला जेट्टी आहे ना, एवढेच त्यांनी विचारले.

तरुणांच्या डोळ्यांत मात्र अद्याप घोळ तरंगते. घोळ माशाच्या पोटातील पिशवीला, जिला बोत म्हणतात, परदेशात सोन्यासारखी किंमत येते, आणि २०२१ च्या ऑगस्टात पालघर तालुक्यातील मुरबे गावच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेहून अधिक घोळ मिळून सव्वा कोटीहून जास्त रुपये आले, ही हकिगत या किनाऱ्यावर पुराणासारखी सांगितली जाते. या एका हकिगतीवर किती नवी कर्जे उचलली गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. इतरत्र लोक लॉटरीचे तिकीट काढतात. येथे तिकिटाला चौदा वाव पाणी लागते.

संध्याकाळी परतीच्या होडीची वाट पाहत मी वाळूवर बसलो होतो, तेव्हा एक तरुण खलाशी येऊन उभा राहिला. मी लखनौहून आलो हे त्याला कोणी तरी सांगितले होते. तो सीतापूर जिल्ह्यातला, घरी भाताची दोन बिघे जमीन, तीन वर्षांपूर्वी समुद्र पहिल्याने पाहिलेला. वृंदावन योजना त्याला ठाऊक होती. भावाला दाखवायला तो त्या बाजूच्या संजय गांधी इस्पितळात आला होता आणि चार रात्री फाटकाबाहेर झोपला होता. आम्ही दोघे त्याच्या बोलीत बोलू लागलो, आणि तांडेल बाबा, ज्यांना तीतले अर्धे कळत होते, मध्ये मध्ये आपले घालू लागले. खलाशी म्हणाला, कार्तिक लागून आठ दिवस झाले. बाबा म्हणाले, कार्तिकाला अजून आठ दिवस आहेत. दोघेही एकमेकांकडे दयेने पाहू लागले. मी पौर्णिमान्त आणि अमान्त यांचा भेद समजावण्यास तोंड उघडले, तोच बाबांनी बोटाने पाण्याकडे दाखवून विचारले, ‘आज कंची तिथी?’ ‘अष्टमी,’ तो म्हणाला. ‘मग भरती?’ ‘छे बजे.’ बाबांनी मान डोलावली आणि महिन्याचा वाद तेथेच सोडून दिला.

कार्तिक वद्य अष्टमी ही तिकडे अहोई अष्टमी. मुलांसाठी आया दिवसभर उपवास करतात आणि संध्याकाळी तारा दिसला म्हणजे सोडतात. आमच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्या गच्च्या भरलेल्या असतात. आमच्यापुढे सूर्य अजून पाण्याला टेकायचा होता. खलाशी ओल्या वाळूच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाय न हलवता बराच वेळ पाहत राहिला, आणि घोट्याशी आलेली रेघ पुढेही सरेना, मागेही हटेना, अशी झाली तेव्हा खिशातून फोन काढीत मला म्हणाला, ‘पानी रुक गया, चाचा. उधर अँधेरा हो गया होगा. अम्मा ने तारा देख लिया होगा.’